आजार मोजा, माणूस चव्हाट्यावर आणू नका

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण पूर्ण वाचा.

आधी एक साधा प्रश्न. आपल्या गावात कुणाला टीबी निघाला, तर ते कुणाकुणाला कळतं? कागदावरचं उत्तर सोपं आहे. रुग्णाला, डॉक्टरला, आशाताईला आणि फार तर तालुक्याच्या टीबी सुपरवायझरला. खरं उत्तर तुम्हालाही माहीत आहे. किराणा दुकानदाराला कळतं, पारावर बसणाऱ्यांना कळतं, आणि सोयरीक जुळवणाऱ्या मामाला तर सगळ्यात आधी कळतं.

गेल्या काही दिवसांत आभा कार्डाबद्दल आणि आरोग्याच्या ऑनलाइन नोंदींबद्दल बरेच जण विचारतात. "भाऊ, आपली माहिती कुठं जाती? धोका आहे का?" म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहावं.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, मी नोंदीच्या विरोधात नाही. आजार मोजलाच पाहिजे. न मोजल्यानं काय होतं, ते आपल्या बीड जिल्ह्याइतकं कुणी भोगलं नसेल. ऊसतोडणीला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींच्या पिशव्या काढल्या जात होत्या, तीस-पस्तिशीच्या आतल्या बायांच्यासुद्धा. हे गावोगाव सगळ्यांना माहीत होतं, पण आकडा कुणाकडंच नव्हता. आकडा नसला की प्रश्नही नसतो. २०१९ साली बोंब झाली, राज्य सरकारनं समिती नेमली, आरोग्य खात्यानं घरोघर जाऊन विचारलं. ८२,३०९ ऊसतोड महिलांमध्ये १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे जवळपास सहातली एक. देशाचं प्रमाण त्या वेळच्या राष्ट्रीय पाहणीत शंभरात तीनच्या आसपास होतं. त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

यातली एक गोष्ट नीट बघा. एवढा मोठा निर्णय झाला, पण त्यासाठी १३,८६१ मधल्या एकीचंही नाव जाहीर करावं लागलं नाही.

२०११ च्या जनगणनेचंही तसंच. सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं बीडमध्ये मुली फक्त ८०७. त्या आकड्यानं अख्ख्या राज्यात आपली मान खाली गेली, सोनोग्राफी सेंटरांच्या तपासण्या झाल्या, खटले झाले. जनगणनेवाला तर घरात येऊन सगळं लिहून नेतो. पण १९४८ च्या जनगणना कायद्यात स्पष्ट आहे की कुणाही एकाची नोंद दुसऱ्याला बघता येणार नाही, कोर्टात पुरावा म्हणूनसुद्धा आणता येणार नाही. तिथं माणूस मोजला जातो, पण त्याचं नाव उघडं पडत नाही.

मग दवाखान्याच्या नोंदीत तेवढी काळजी का घेतली जात नाही?

टीबीचंच घ्या. २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक आहे. खासगी डॉक्टरालाही आणि लॅबलाही. २०१८ पासून न कळवणाऱ्यावर फौजदारी कारवाईची तरतूद झाली. ही नोंद 'निक्षय' नावाच्या पोर्टलवर होते. रुग्णाला पोषण आहारासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पैसे खात्यावर येतात, म्हणून आधार, बँक पासबुक, मोबाईल नंबर सगळं लागतं. यात चूक काहीच नाही. गोळ्या सहा महिने चालतात, माणूस मधेच सोडतो, मग टीबी औषधाला दाद देईनासा होतो. त्याचा पाठपुरावा करायचा तर नाव-पत्ता लागणारच.

पण पुढं काय होतं? दानशूर मंडळी 'निक्षय मित्र' होतात. डाळ, तेल, शेंगदाणे असं किट देतात. चांगलं काम आहे. किट देताना रुग्णांना एका ओळीत उभं करतात, फोटो काढतात आणि तो फेसबुकवर, गावच्या ग्रुपवर टाकतात. माझ्याकडंही असे फोटो बातमीसाठी येतात. खाली नावं डावीकडून उजवीकडं. मी किट देणाऱ्याची बातमी लावतो, घेणाऱ्यांचा फोटो लावत नाही. त्यावरून काही जण रुसलेतही.

अशाच एका फोटोतल्या पोराला मी भेटलोय. गाव सांगत नाही, तालुकाही सांगत नाही. वय तिशीच्या आत. फोटो ग्रुपवर पडला त्याच आठवड्यात त्याच्या बहिणीची जमलेली सोयरीक थांबली. समोरच्यांनी कारण दुसरंच सांगितलं, पण कारण काय ते घरात सगळ्यांना कळलं. पोरानं उपकेंद्रात जायचं बंद केलं. "तिथं गेलं की लोक बघतेत," एवढंच म्हणाला. पुढं एका नर्सताईंनी समजूत काढली, गोळ्या घरी पोचवल्या, म्हणून उपचार पुरा झाला. पोर्टलवर त्याची नोंद 'बरा झाला' अशी असेल. बहिणीच्या सोयरिकीचा रकाना कोणत्याच पोर्टलवर नाही.

आता पालीकडं येऊ. बीडहून सोलापूर रस्त्याला लागलं की बिंदुसरा तलावाच्या अंगानं पाली. इथं दत्ता आणि संध्या बारगजे यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी उभारलेलं इन्फंट इंडियाचं आनंदवन आहे. संस्थेचं काम राज्याला माहीत आहे, त्यावर मी नव्यानं काय लिहू. मला त्यातून दिसलेली एक गोष्ट सांगायची आहे. पत्रिकेत, यादीत, सर्व्हेत मुलाचं नाव खोडलं आणि पत्ता तसाच ठेवला, तर नाव खोडण्याला काय अर्थ राहिला? इथं पत्ताच निदान सांगतो.

हा मुद्दा शहरातल्या तज्ज्ञांच्या पटकन ध्यानात येत नाही. ते म्हणतात, नाव काढलं की माहिती निनावी झाली. पुण्या-मुंबईत होत असेल. आपल्याकडं 'पुरुष, वय ३४, ट्रक ड्रायव्हर, अमुक वस्ती' एवढं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच आहे. शंभर उंबऱ्यांच्या वस्तीवर 'रुग्णसंख्या १' हा आकडासुद्धा माणसाचं नाव सांगतो. म्हणून लहान गावाचा आकडा जाहीर करताना तो आरोग्य केंद्राच्या किंवा तालुक्याच्या पातळीवर एकत्र करूनच द्यायला हवा.

एचआयव्हीच्या बाबतीत देशानं एक मोठी शिस्त पाळली होती. गरोदर महिलांचं रक्त इतर तपासण्यांसाठी घेतलं जायचं, मग उरलेल्या नमुन्यावरची ओळख काढून टाकायची आणि त्यानंतर एचआयव्हीची चाचणी करायची. एका केंद्रावर ४०० नमुने. साथ वाढती आहे की उतरती, हे त्यातून कळायचं आणि एकाही बाईचं नाव कुणाला कळायचं नाही. या पद्धतीची एक बाजू कडू होती. ज्या बाईचा नमुना बाधित निघाला तिलाही ते कळायचं नाही. म्हणून तिला विचारून केलेली, निकाल फक्त तिच्याच हातात देणारी वेगळी तपासणीही लागते. साथ मोजायला नाव लागत नाही, उपचाराला लागतं. दोन्ही कामं एकाच यादीवर केली की घोळ होतो.

आणि घोळ व्हायची शक्यता आता वाढली आहे. साथरोग सर्वेक्षणाचा जुना कार्यक्रम २००४ चा. आरोग्यसेवक, डॉक्टर आणि लॅब असे तीन फॉर्म, आठवड्याला एकदा, आणि वर जायचे ते मुख्यतः आकडे. अमुक गावात हगवणीचे इतके, तापाचे इतके. एप्रिल २०२१ पासून त्याची जागा नव्या ऑनलाइन पोर्टलनं घेतली. आता एकेका रुग्णाची नोंद, ठिकाणासकट, जवळपास त्याच दिवशी वर जाते. डेंग्यूची साथ लवकर पकडायला हे फार उपयोगाचं आहे. पण पूर्वी रजिस्टर कपाटात असायचं, आता तीच यादी एक बटण दाबलं की मोबाईलवर येते.

हे नुसतं भय नाही. २०१६ च्या डिसेंबरात मुंबईच्या एका लॅबचे ४३,००० हून जास्त रिपोर्ट इंटरनेटवर उघडे सापडले, त्यात एचआयव्हीचेही होते. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यानं बंद पडले, कित्येक दिवस कारभार कागदावर चालला. पण खरं सांगू? आपल्या गावाला परदेशातल्या हॅकरपेक्षा फॉरवर्ड करणाऱ्याचा धोका जास्त आहे. २०२०च्या उन्हाळ्यात पॉझिटिव्ह रुग्णांच्या याद्या नावासकट ग्रुपवर फिरत होत्या. होम क्वारंटाइनवाल्यांच्या हातावर शिक्के होते. घरावर पोस्टर लागत होते. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सक्षम अधिकाऱ्यानं आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली तसा आदेश दिल्याशिवाय अशी पोस्टर लावायची नाहीत. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. लोक ताप लपवायला शिकले होते.

लपवणं नवं नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा घराघरांत सोजीर घुसले, माणसं उचलून नेली. परिणाम काय? लोकांनी रुग्ण माळ्यावर, अडगळीत लपवले. रँडचं पुढं काय झालं ते शाळेत शिकलोय आपण. त्याच साली आलेला साथरोग कायदा आपण कोरोनात वापरला. सव्वाशे वर्षांनीही गोष्ट तीच आहे. अब्रू जाणार असेल तर माणूस आजार सांगत नाही. मग पोर्टल कितीही भारी असो, त्यात भरायला माहितीच येत नाही.

कायदा मात्र आपल्या बाजूनं आहे, हे लोकांना माहीत नसतं. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात एका कामगाराचा खटला चालला. एचआयव्ही आहे म्हणून त्याला काम नाकारलं होतं. कोर्टानं त्याला नाव न लावता लढू दिलं, निकालातही तो फक्त 'एमएक्स' आहे, आणि कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही, आणि कायद्यानं दिलेले मोजके अपवाद सोडले तर लेखी संमतीशिवाय कुणाची स्थिती दुसऱ्याला सांगता येत नाही. २०२३ साली डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातली मुख्य बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहेत. पण तो फक्त डिजिटल माहितीला लागू आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेली किंवा रजिस्टरातच राहिलेली यादी त्यात येत नाही.

आता आभा कार्ड. १४ आकडी नंबर. तो काढणं ऐच्छिक आहे आणि तुमची नोंद कोणत्या दवाखान्याला दाखवायची, हे तुमच्या संमतीवर आहे. आपल्या माणसांना याचा फायदा मोठा आहे. सहा महिने सोलापूर, कोल्हापूर, कर्नाटकात तोडणीला गेलेल्या बाईची बीपीची गोळी कोणती, मागच्या बाळंतपणात काय झालं होतं, हे तिथल्या डॉक्टरला कळालं तर जीव वाचेल. पण ही संमती ओटीपीवर चालते. कार्ड काढताना मोबाईल नंबर कुणाचा टाकला? बाईकडं फोन नसतो, म्हणून दिराचा टाकला, मुकादमाचा टाकला, कधी कॅम्पवरच्या पोरानं घाईत कुणाचा तरी टाकला. मग संमती बाईची राहिली की मुकादमाची? उचल देणाऱ्याच्या हातात बाईच्या आजाराची चावी जायला नको. कार्ड जरूर काढा, पण नंबर स्वतःचा किंवा ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास आहे त्याचाच द्या. तो चुकीचा लागला असेल तर बदलून घ्या.

बाकी जे करायचं ते गावातच करता येतं, त्याला दिल्लीची वाट बघायची गरज नाही. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती आहे, निदान कागदावर तरी आहे. येत्या ग्रामसभेत तिच्यासमोर चार ओळींचा ठराव मांडा. रुग्णांची नावं फळ्यावर किंवा ग्रुपवर जाणार नाहीत. मदत देताना घेणाऱ्याचा फोटो काढला जाणार नाही. गावाचा आकडा एकट्यानं जाहीर होणार नाही. आणि आशाताई, डाटा ऑपरेटर, शिपाई, ज्यांच्या ज्यांच्या हातात यादी जाते त्यांची नावं समितीच्या वहीत लिहिलेली असतील. रुग्णाचं नाव बाहेर फुटलं, तर विचारायचं कुणाला हे गावाला माहीत असलं पाहिजे.

ठराव झाला तर मला कळवा, गावाच्या नावासकट बातमी लावतो. ते नाव मात्र ठळक टाईपात छापीन.