जड पाणी, हलका प्रोटॉन

साधे पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते, जड पाणी ३.८ अंशांना. साध्या पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते, जड पाण्याची ११ अंशांच्या किंचित पुढे. दोन्हींत इलेक्ट्रॉन तेवढेच, विद्युतभार तेच. फरक इतकाच, की जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी दुप्पट वस्तुमानाचा ड्यूटेरियम असतो. न्यूटनच्या यामिकीवर उभ्या असलेल्या सांख्यिकीत या फरकाला जागाच नाही. तिथे अणूंची कोणती मांडणी किती वेळा आढळेल, हे ऊर्जा आणि तापमान ठरवते, वस्तुमान नव्हे. त्या हिशेबाने दोन्ही पाणी एकाच तापमानाला गोठायला हवे. तसे होत नाही, कारण हायड्रोजनचे केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, एका बिंदूवर बसून राहत नाही. हलका असल्याने तो ड्यूटेरियमच्या केंद्रकापेक्षा अधिक पसरलेला असतो, आणि निरपेक्ष शून्य तापमानालाही त्याचे कंपन थांबत नाही.

रायगड जिल्ह्यातील थळचा जड पाण्याचा कारखाना याच गोष्टीवर चालतो. तिथे हायड्रोजन वायू आणि अमोनिया यांच्यात ड्यूटेरियमची अदलाबदल घडवतात, आणि ड्यूटेरियम अमोनियात अधिक साठतो. अणुकेंद्रके न्यूटनच्या नियमांनी वागत असती, तर दोन्हीकडे प्रमाण सारखेच राहिले असते.

साध्या पाण्यातही हे दिसते. गोंदिया हा तलावांचा जिल्हा. नवेगावबांधच्या तलावातल्या पाण्यात ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या एका कंपनाची ऊर्जा उष्णतेतून मिळणाऱ्या सरासरी ऊर्जेच्या सुमारे सोळा पट असते. म्हणजे ते कंपन उष्णतेने जागे होत नाही, ते क्वांटम नियमांनीच चालते. त्याच जिल्ह्यात तिरोड्याच्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॅटचे पाच सुपरक्रिटिकल संच आहेत. तिथले पाणी ३७४ अंश आणि सुमारे २२१ बार या क्रांतिक बिंदूच्या पलीकडे तापवले जाते. एवढ्या उष्णतेत क्वांटम परिणाम विरून जात असतील असे वाटते. रेणूंचे डोलणे बऱ्याच अंशी न्यूटनचे ऐकू लागते, हे खरे; पण बंधाचे ताणले जाणे तिथेही ऐकत नाही.

हे सारे संगणकावर उभे करायचे तर दोन वेगळ्या अडचणी येतात. त्यांची गल्लत तज्ज्ञांकडूनही होते, मग वृत्तपत्रांना काय बोल लावायचा! पहिली अडचण इलेक्ट्रॉनांची: अणूंच्या प्रत्येक मांडणीची ऊर्जा आणि बले काढणे. दुसरी अणुकेंद्रकांची: ती पसरलेली असताना कोणत्या मांडण्या किती वेळा घ्यायच्या. मशीन लर्निंग पहिलीवरचा उपाय आहे, क्वांटम सॅम्पलिंग दुसरीवरचा. दोन्हींशी क्वांटम संगणकाचा काही संबंध नाही. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारख्या नेहमीच्या महासंगणकांवरच ही कामे चालतात.

हैदराबादला जन्मलेले अनीसूर रहमान यांनी १९६४ मध्ये ८६४ आर्गॉन अणूंचा द्रव संगणकावर हलता केला, आणि १९७१ मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्यासोबत २१६ रेणूंचे पाणी. तेव्हा बलांची सूत्रे हाताने बेतलेली असत. १९८५ मध्ये कार आणि पारिनेलो यांनी इलेक्ट्रॉनांची गणना सिम्युलेशनच्या आतच आणली. अचूकता वाढली आणि खर्चही. गणनेची पायरी अर्ध्या फेम्टोसेकंदाची धरली, तर एका नॅनोसेकंदाला २० लाख पायऱ्या लागतात.

२००७ मध्ये योर्ग बेहलर आणि पारिनेलो यांनी एकूण ऊर्जा अणूअणूंत वाटून दिली. प्रत्येक अणूचा वाटा त्याच्या भोवतालच्या काही अँगस्ट्रॉममधल्या शेजाऱ्यांवरून न्यूरल नेटवर्क सांगते. नेटवर्कला निसर्ग शिकवला जात नाही. त्याला काही हजार मांडण्यांची, महागड्या गणनेने काढलेली उत्तरे शिकवली जातात. त्या गणनेत जी खोट असेल ती नेटवर्क इमानाने उचलते. ‘एआयने पाण्याचे गूढ उकलले’ असे मथळे या एका वाक्यापुढे टिकत नाहीत.

दुसऱ्या अडचणीचा मार्ग फाइनमन यांच्या पाथ इंटिग्रलमधून, म्हणजे कणाच्या सर्व शक्य मार्गांच्या बेरजेतून निघतो. १९८१ मध्ये चँडलर आणि वोलाइन्स यांनी दाखवून दिले, की एक क्वांटम कण म्हणजे स्प्रिंगांनी जोडलेल्या मण्यांची बंद माळ असे गणिताने मानता येते. सामान्य तापमानाच्या पाण्यासाठी साधारण ३२ मणी घेतात. निरपेक्ष तापमान दुप्पट केले तर निम्मे पुरतात. प्रत्येक मण्यासाठी बले वेगळी काढायची. म्हणजे २० लाखांच्या ६ कोटी ४० लाख गणना झाल्या. एकीला एक सेकंद धरून एकामागून एक केल्या, तर दोन वर्षे गेली. शिकवलेल्या पोटेन्शियलमुळे, म्हणजे ऊर्जा सांगणाऱ्या अशा नेटवर्कमुळे, हे काम आवाक्यात आले.

इथे एक जुना वाद आहे, आणि तो मिटला असे मानणे घाईचे आहे. इलेक्ट्रॉनांच्या गणनेसाठी वापरल्या जाणाऱ्या डेन्सिटी फंक्शनलच्या काही प्रचलित पद्धतींत द्रव पाणी गरजेपेक्षा जास्त बांधीव निघते. त्यावर तोडगा म्हणून अनेकांनी सिम्युलेशनचे तापमान सुमारे ३० अंशांनी चढवले आणि त्याला क्वांटम परिणामांची भरपाई म्हटले. ही भरपाई नव्हे, लपवाछपवी आहे. २००९ मध्ये हॅबरशॉन, मार्कलंड आणि मॅनोलोपोलस यांनी दाखवले, की शून्यबिंदू ऊर्जेमुळे, म्हणजे निरपेक्ष शून्यालाही न थांबणाऱ्या कंपनामुळे, रेणूतला बंध लांबतो आणि रेणूंमधला हायड्रोजन बंध घट्ट होतो, तर प्रोटॉनच्या आडव्या पसरण्याने तोच हायड्रोजन बंध सैल होतो. दोन परिणाम विरुद्ध दिशांचे. त्यांची वजाबाकी कधी लहान, कधी मोठी. तापमान वाढवल्याने सगळेच सैल होते. एक आलेख जुळतो, बाकीचे बिघडतात. उलट टोकाची चूकही तितकीच प्रचलित आहे: प्रयोगाच्या आकड्यांवर बेतलेल्या सूत्रांत क्वांटम परिणाम आधीच मुरलेले असतात, त्यावर पुन्हा माळ चढवली की ते दोनदा मोजले जातात.

शिकवलेल्या पोटेन्शियलची खरी कसोटीही याच माळेशी लागते. न्यूटनच्या नियमांनी चालवलेल्या सिम्युलेशनमधून शिकवणीच्या मांडण्या निवडल्या, तर त्यांत फार ताणलेले बंध क्वचितच असतात. मणी मात्र तिथे वारंवार जातात. नेटवर्क तिथेही बेधडक आकडा देते, आणि सरासरी चूक दर अणूमागे एक मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी असल्याचा दाखला त्या ठिकाणी काहीच सांगत नाही. म्हणून मण्यांच्या मांडण्या शिकवणीत आधीच घालाव्या लागतात, किंवा चार-पाच नेटवर्क शेजारी चालवून त्यांचे मतभेद जिथे वाढतील तिथे नवी गणना करावी लागते. २०१९ मध्ये बिंगचिंग चेंग आणि सहकाऱ्यांनी द्रव पाण्याच्या सुमारे दीड हजार मांडण्यांवर शिकवलेल्या नेटवर्कने बर्फाच्या गुणधर्मांचीही मोजणी केली, अणुकेंद्रकांच्या क्वांटम परिणामांसकट.

माळेने मिळते ते समतोलाचे चित्र: घनता, रचना, गोठणबिंदू. रेणू किती वेगाने पसरतात यासाठी माळेचीच हालचाल वापरणारी क्रेग आणि मॅनोलोपोलस यांची २००४ ची रीत वापरतात, पण ती अदमासाची आहे. वर्णपटात तर माळेच्या स्वतःच्या कंपनांची खोटी शिखरे उमटतात, आणि ती वेगळी काढावी लागतात.