नवं कोरं नाव

परवा सावेडीत, पाईपलाईन रोडवरच्या एका हॉलमध्ये बारशाला गेले होते. आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्रर’ करून पाठीवर धपाटे खाल्ले, पण मागच्या फ्लेक्सने नाव आधीच फोडलं होतं: रियांश. खाली अर्थही छापलेला, ‘सूर्याचा पहिला किरण’. शेजारच्या आजी म्हणाल्या, “रियाज का गं?”

नाव जुळवलं घरातच. आई प्रिया, बाबा अंशुमन. दोघांतलं थोडं थोडं घेतलं. अर्थ मागाहून मोबाइलवर सापडला, हे बाबांनीच हसत सांगितलं. मला यात गैर काही वाटत नाही. टाटांच्या ‘तनिष्क’ या दागिन्यांच्या नावात जुना ‘निष्क’, म्हणजे सोन्याचं नाणं किंवा गळ्यातला दागिना, आहे असं सांगतात. आज घरोघरी तनिष्का आहेत. अनुष्का हे तर रशियन अ‍ॅनाचं लाडकं रूप. आणि 1905 साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या मुलीला तिथल्या नदीचं नाव मिळालं, ती पुढे इरावती कर्वे झाली.

पत्रिकेचाही यात हात आहे. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी एकशे आठ अक्षरं. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’, आर्द्रेच्या तिसऱ्याला ‘ङ’. ‘ङ’वरून नाव सुचवून दाखवा! तिथे गुरुजीही पळवाट काढतात. ‘झ’ आला की मात्र आईबाप हौसेने कामाला लागतात.

पण खरी ओढ मला वेगळीच वाटते. पूर्वी नातवाला आजोबांचं नाव ठेवायचे, आणि सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. म्हणजे पोटच्या पोराला नावाने हाक मारायची सोय नाही. मग तो बाळ, नाना, अण्णा. साठीला आला तरी अण्णाच. आधीची मुलं दगावलेल्या घरात दगडू, धोंडू. ती नावं तरी कुठल्या पुस्तकातली? भीतीने घडवलेलीच. रियांश नावाचं कुणी या घरात होऊन गेलेलं नाही. त्याच्या नावाने कुणाचं श्राद्ध होत नाही, कुणाची शेती किंवा भाऊबंदकी आठवत नाही. आईने गच्चीतून खुशाल ओरडावं.

वेगळेपणाचं म्हणाल तर ते फसवं आहे. सगळ्यांनाच वेगळं हवं, म्हणून वर्गात रियांश, विवांश, रुद्रांश एका बाकावर.

दाखल्यावर मात्र तो एकटा नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात आधी आई, मग वडील, मग आडनाव. जन्मगावही नवं, अहिल्यानगर. बोलताना सगळे नगरच म्हणतात. नाव बारा महिन्यांत नोंदवलं तर शुल्क नाही, पण घोडं अडलंय इंग्रजी स्पेलिंगवर. अंकशास्त्रवाल्याने एक ‘ए’ वाढवायला सांगितलाय, आणि अंशुमनराव त्याला तयार नाहीत.