मैहरचे बाबा आणि बंदुकीच्या नळ्या

'कंडक्टर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोरी ओढून घंटी वाजवणारा एस.टी.तला माणूस उभा राहतो. वाद्यवृंदालाही कंडक्टर असतो, हे आपल्याकडे बहुतेकांना कळले ते झुबीन मेहतांमुळे. १९३६ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी मुलगा १९५४ साली व्हिएन्नाला शिकायला गेला आणि पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, इस्रायल येथल्या वाद्यवृंदांचा संचालक झाला. त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण आम्हा जबलपूरकरांना आधी आठवतात ते मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, सगळ्यांचे 'बाबा'.

मी अधारतालला राहते. राणी दुर्गावतीचे दिवाण अधारसिंह यांच्या नावाचा तलाव, म्हणून हे नाव. मैहर इथून कटनीमार्गे सुमारे १६० किलोमीटर. महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना शारदामातेच्या दर्शनाला न्यायचे, ही आमच्या घरची रीतच आहे. बाबाही या देवीचे मोठे भक्त. घरात नमाज आणि मनात शारदा, यात त्यांना कधी विसंगती वाटली नाही.

बाबा मूळचे बंगालमधल्या शिबपूरचे. ते गाव आता बांगलादेशात आहे. संगीतापायी लहानपणीच घर सोडून ते कलकत्त्याला पळाले. नुलो गोपाल यांच्याकडे वर्षानुवर्षे नुसते सरगम घोटले. व्हायोलिन शिकले ते लोबो नावाच्या गोवेकर बँडमास्टरकडून. मृदंग शिकले, सनई शिकले आणि शेवटी रामपूरला वजीर खाँसाहेबांचे शिष्य झाले. मिळेल त्याच्याकडून मिळेल ते घेतले. याच शिदोरीवर पुढे त्यांचा वाद्यवृंद उभा राहिला.

१९१८ च्या सुमारास ते मैहरचे महाराज ब्रिजनाथ सिंह यांच्या दरबारी आले. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. गावोगावी पोरकी मुले उघड्यावर पडली. मैहरच्या अशा मुलांना बाबांनी हाताशी धरले आणि त्यांचा 'मैहर बँड' उभा केला. या मुलांना ना अक्षरओळख, ना घरात गाण्याचा वारसा. त्यामुळे सगळे शिक्षण तोंडी. स्वर कानात उतरवायचे, बोटांत बसवायचे आणि पाठ करायचे. व्हायोलिन, चेलोच्या शेजारी इसराज, हार्मोनियम, तबला. आणि सगळ्यांनी मिळून राग वाजवायचा! बाबांचा राग भयंकर होता, पण जीव लावणेही तसेच होते.

त्यांनी नवी वाद्येही घडवली. त्यांतले नलतरंग म्हणजे बंदुकीच्या नळ्या कापून केलेले वाद्य. जलतरंगासारखे ते काड्यांनी वाजवतात. माझ्या यजमानांचे सारे आयुष्य जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत गेले. नलतरंग पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "नळी आखूड, तितका सूर उंच. कापताना केसभर जास्त गेली की संपले. कान असल्याशिवाय हे काम व्हायचे नाही." कारखान्यातल्या माणसाने दिलेली ही दाद मला फार मोलाची वाटली.

आमच्या वस्तीतल्या गणेशोत्सवात मुलांचे समूहगान मी बसवते. एका वर्षी बाविसेक मुले आली. कार्यकर्त्यांचे म्हणणे पडले, "काकू, आवाजाची सहा निवडा, कार्यक्रम चांगला होईल." मी ठामपणे नाही म्हटले. त्या बाविसांत एक दहा वर्षांचा मुलगा होता. २०२१ च्या करोनाच्या लाटेत त्याचे वडील गेले होते. तो कोणाशी बोलत नसे आणि सूरही लागत नसे. त्याच्या हाती झांज दिली. पहिले आठ दिवस तो भलत्याच ठिकाणी वाजवायचा. मग हळूहळू आपली मात्रा येईपर्यंत थांबायला शिकला. उत्सवाच्या दिवशी त्याची झांज अचूक पडली आणि शेजारच्या मुलाने त्याच्याकडे पाहून मान हलवली. घरी जाताना दोघे बोलत गेले. कार्यक्रम कसा झाला म्हणाल, तर तीन जण बेसूर होते. पण बावीसच्या बावीस जण एकदम थांबले!

सूर सगळ्यांना सारखा मिळत नाही. दुसऱ्याचे ऐकून आपल्या जागेवर वाजवणे मात्र शिकवता येते, आणि वाद्यवृंद-संचालकाचे निम्मे काम तेच. बाबांचे शिष्य म्हणून जगाला पंडित रविशंकर माहीत आहेत, पुत्र अली अकबर खाँ माहीत आहेत. २०१८ साली मुंबईत निवर्तलेल्या कन्या अन्नपूर्णादेवीही माहीत आहेत. या दिग्गजांना घडवणाऱ्या गुरूने साथीतून वाचलेल्या अनोळखी पोरांसाठीही तितकाच घाम गाळला, हे मला अधिक मोठे वाटते.

बाबांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण मिळाले. १९७२ साली मैहरलाच त्यांनी देह ठेवला. त्यांचा बँड मात्र पुढच्या पिढ्यांनी वाजता ठेवला आहे. शारदामातेच्या दर्शनाला याल तेव्हा डोंगर उतरून लगेच गाडी पकडू नका. गावात बाबांचे घर, 'मदिना भवन', पाहा. बँड ऐकायला मिळाला तर जरूर ऐका. मुले बरोबर असतील, तर त्यांना नलतरंगाजवळ बसवा आणि त्या नळ्या पूर्वी कशाच्या होत्या, ते वाजवणे संपल्यावर सांगा.