रे रोडचे लोखंड

रे रोड स्थानकातून दारूखान्याच्या दिशेने निघालेल्या पांथस्थास समुद्राचे दर्शन घडण्यापूर्वी त्याचा गंध येतो. आणि त्या गंधात खाऱ्या चिखलाहून गंजलेल्या लोखंडाचा, शिळ्या तेलाचा आणि गॅसच्या ज्योतीखाली करपणाऱ्या रंगाचा अंश अधिक असतो. लॉर्ड रे या गव्हर्नराचे नाव धारण करणारे हे स्थानक 1910 साली कुर्ल्याहून आलेल्या हार्बर मार्गाचे अखेरचे ठिकाण होते. 1925 पासून गाड्या पुढे बोरीबंदरापर्यंत धावू लागल्या, तरी येथे उतरल्यावर आपण मुलखाच्या कडेला आलो असे आजही वाटते. भरतीबरोबर किनाऱ्याशी ओढून आणलेली, ओहोटीत चिखलात रुतून बसलेली जहाजे दारूखान्यात तोडली जातात, आणि ज्यांनी दूरदूरची बंदरे पाहिली ते नांगर, साखळदंड, पितळी चौकटींच्या वाटोळ्या खिडक्या रस्त्यालगतच्या वखारींत येऊन वजनावर विकल्या जातात. जहाज कोणते, ते कोठून आले, ते तोडणारा मजूर कोणत्या गावचा, यांपैकी काहीही त्या ढिगाकडे पाहून कळत नाही.

या ढिगांपाशी मला स्वित्झर्लंडमधील बाझेल नगराचे स्मरण होते. ऱ्हाइनकाठच्या त्या शहरात वाढलेल्या ज्याँ तँग्ली या शिल्पकाराने टाकाऊ लोखंडातून हलणारी, खडखडणारी यंत्रशिल्पे घडविली. 1977 साली त्याने जुन्या नाट्यगृहाच्या जागी, त्याच्याच रंगमंचाच्या यंत्रसामग्रीचे अवशेष योजून, एक कारंजे उभे केले, आणि 1996 साली नदीकाठी त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. पण त्या नगराविषयीचा माझा आदर याहून जुन्या गोष्टीवर उभा आहे. आमरबाख घराण्याचा चित्रसंग्रह परमुलखात विकला जाणार असे दिसताच 1661 साली नगराने व विद्यापीठाने तो विकत घेतला. आणि 1967 साली पिकासोची दोन चित्रे शहरात राखण्यासाठी सार्वजनिक खजिन्यातून पैसा द्यावा की नाही हा प्रश्न मतदानास टाकला असता नागरिकांनी होकार दिला, उरलेल्या रकमेसाठी रस्त्यांवर उत्सव मांडून वर्गणी गोळा केली, आणि हे ऐकून वृद्ध पिकासोने आपल्या आणखी चार कृती त्या शहरास दिल्या.

अशी इच्छाशक्ती मुंबईस परकी नाही. घोडपदेववरून पश्चिमेस चालत गेले की राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची वास्तू लागते. 1862 साली तिचा पाया घातला गेला, 1872 साली ती लोकांस खुली झाली, आणि तिच्यामागे नाना शंकरशेट, डेव्हिड ससून, स्वतः भाऊ दाजी अशा भिन्नधर्मी गृहस्थांची खटपट व जनतेची वर्गणी होती. तेथील मातीच्या लहान प्रतिमांतून त्या काळचे कारागीर, त्यांचे वेष, त्यांचे व्यवसाय इतक्या ममतेने जतन केले आहेत की, गॅसकटर हाती धरलेला दारूखान्याचा मजूर त्यांच्या पंक्तीस नसावा, ही उणीव मनास सतत बोचते. कुंभार आणि विणकर हे शहराचा इतिहास असतील, तर जहाज तोडणाराही आहे. त्याला तो मान देण्यासाठी त्याचा व्यवसाय लोप पावण्याची वाट का पाहावी?

संग्रहालयाबाहेर घारापुरीचा पाषाणहत्ती उभा आहे. 1864 साली बेटावरून हलविताना तो भंगला, त्याचे तुकडे या बागेत आणून ठेवले गेले, आणि 1914 साली ते पुन्हा सांधून हत्ती उभा करण्यात आला. तुकड्यांतून आकृती जुळविण्याचे काम या शहराने पूर्वी केले आहे, म्हणून मी दारूखान्याविषयी आशा बाळगतो. एखादा नांगर, जहाजाच्या नावाचा एखादा पत्रा, तोडकामाची हत्यारे, आणि जुन्या कामगारांच्या तोंडून टिपून घेतलेली हकिकत, एवढे तरी रे रोडच्याच एखाद्या जुन्या वखारीत मांडले जावे, आणि त्यासाठी पहिली वर्गणी मुंबईकरांनी द्यावी.