ट्रॉम्सो ते किर्केनेस, थांबे घेत

ट्रॉम्सो आणि किर्केनेस ही नॉर्वेच्या पार उत्तरेकडची दोन गावं, आर्क्टिक वृत्ताच्या बरीच आत. सरळ विमानाने अंतर सुमारे ४२० किलोमीटर, वेळ तासभर. मोटारीने तेच अंतर साधारण ८०० किलोमीटर होतं, कारण हा किनारा फ्योर्डांनी जागोजागी चिरलेला आहे. मार्चमध्ये मी गेले ती मात्र वाटेत थांबे घेणाऱ्या विमानाने, आणि मुद्दाम.

भिंतीवरच्या नकाशात ही गावं भलतीच लांब दिसतात. दोन्हींच्या रेखांशांत ११ अंशांचा फरक आहे. मुंबई आणि विशाखापट्टणम यांच्यातही जवळपास तेवढाच, पण तिथे अंतर ११०० किलोमीटरच्या घरात जातं. ध्रुवाकडे रेखावृत्तं जवळ येत जातात, हे शाळेत पाठ केलेलं इथे पटतं. सूर्याला मात्र ते ११ अंश पूर्ण लागू असतात. किर्केनेस इस्तंबूलच्याही पूर्वेला आहे, घड्याळ मात्र ऑस्लोचं. त्यामुळे मार्चमध्ये तिथे ट्रॉम्सोपेक्षा सुमारे पाऊण तास आधी अंधारतं.

आमचं डॅश-८ विमान दोन पंख्यांचं, ३९ आसनांचं. हामरफेस्टनंतर मेहामन आलं. तिथली धावपट्टी जेमतेम ८०० मीटरची. मुंबईची मुख्य धावपट्टी हिच्या चौपटीहून लांब आहे. खाली काळं पाणी, मग एकदम बर्फ, आणि चाकं टेकतात न टेकतात तोच पंख्यांचा आवाज बदलला. पोटावरचा पट्टा करकचला आणि विमान थांबलंसुद्धा. टर्मिनल म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या आडगावचा एसटी थांबा.

शेजारच्या आजींच्या एका डोळ्यावर पट्टी होती. ट्रॉम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयात ऑपरेशन करून त्या घरी बोट्सफ्योर्डला निघाल्या होत्या. मोठ्या उपचारांसाठी इथल्या माणसांना ट्रॉम्सोच गाठावं लागतं. बेर्लेवोगला वारा आडवा होता, म्हणून वैमानिकाने तो थांबा गाळला. तिथे उतरणारे प्रवासी कुरकुर न करता आजींबरोबर बोट्सफ्योर्डला उतरले आणि पुढच्या रस्त्याची चौकशी करू लागले. आजींचा मुलगा दारातच उभा होता. त्याने आधी आईची पिशवी घेतली, मग हात धरला.

पुढचा थांबा वाद्सो. तिथे १९२६ साली ध्रुवप्रवासी आमुंडसेनचं ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज उत्तर ध्रुवाकडे जाताना थांबलं होतं. ते ज्याला बांधलं तो पोलादी मनोरा अजून उभा आहे. तिथून किर्केनेस फ्योर्डापलीकडे, हवेतून ४० किलोमीटरही नाही. रस्त्याने वळसा घालून जायचं तर १७० किलोमीटर. विमान पुरतं वर चढतही नाही, तोच उतरायला लागतं.

तासाभराच्या वाटेला अर्धा दिवस गेला, आणि मला तो हवाच होता. अशा मार्गांवर तिकिटांच्या पैशांत खर्च भागत नाही. सरकार पदरचे पैसे घालून ते चालू ठेवतं. ते योग्यच आहे, कारण या गावांना दवाखाना, शाळेचे सामने, लग्नकार्य, सगळ्याला हेच विमान लागतं.

तुम्ही गेलात तर थांबे घेणारं विमान निवडा आणि पुढचं तिकीट एक दिवस सोडून काढा. वारा उठला की वेळापत्रकाचा भरवसा राहत नाही.