धुरा ते टेकडी

किन्हीराजाच्या आमच्या वावरातून टेकडीच्या माथ्यावर जायला अर्धा तास पुरतो. टेकडी कसली, चिखलदऱ्याच्या ११०० मीटरपुढे तिला डोंगर म्हणायची लाज वाटावी. पण पावसाळा सरता सरता तेवढ्याच चढणीत फुलपाखरं पार बदलून जातात.

वावरात सोयाबीन. तिथं फुलपाखरू येते अन् निघून जाते. अळीला तिचं ठरलेलंच झाड लागते, नुसत्या हिरवळीवर तिचं भागत नाही. तुरीला फूल आलं की मात्र एक बारकं निळं फुलपाखरू कळ्यांवर अंडी घालते, अन् त्याची अळी शेंग पोखरते. संत्र्यावरची अळी लहान असताना पाखराच्या विष्ठेवानी दिसते, म्हणून वाचते अन् कोवळा पाला फस्त करते. तवा सगळीच फुलपाखरं आपली सोयरी आहेत, असं मी म्हणणार नाही.

खरी गर्दी धुऱ्यावर. तिथं रुई, तरोटा, एरंडी. रुईवर वाढतो तो बिबळ्या कडवा. रुईच्या चिकातलं विष अळीच्या अंगात मुरते अन् पंख फुटल्यावरही राहते. पाखरानं एकदा चोच मारली की पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून हा गडी कसा सावकाश उडतो, पाटलानं गावातून फेरी मारावी तसा! तरोट्यावर पिवळ्या चिमुकल्या. आंब्यावरचं बांडगूळ आपण तोडतो, हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराचा संसार त्याच्यावरच.

नाल्याच्या ओल्या रेतीवर थवेच्या थवे बसून क्षार चोखतात, त्यात बहुतेक नर. वर टेकडीला टेंभुर्णी लागते. तिच्या पानावर मधल्या शिरेला चिकटून पिसांसारख्या काट्यांची हिरवी अळी पडलेली असते. नजर बसली तरच दिसते. तिचं होते नारिंगी फुलपाखरू, ते खाली वावरात मला कधी दिसलं नाही. माथ्यावर काही जातींचे नर मादीची वाट पाहत घिरट्या घालतात.

२०१५ साली महाराष्ट्रानं नीलवंत हे राज्य फुलपाखरू ठरवलं. असं करणारं देशातलं हे पहिलं राज्य. चांगलंच झालं. पण तो दमट रानातला राजा. तरोट्यावरच्या चिमुकलीला कोण पुसते?

पोरगा म्हणतो, "बाबा, धुऱ्यावर तणनाशकाचा एक पंप मारून टाकू. निंदणाला बाया भेटत नाहीत."

त्याचं खोटं नाही. मजुरी मीही देतो. मी रुई दाखवली, तरोटा दाखवला. तो हसला. त्याची माय म्हणाली, "तुमचं फुलपाखरू सोयाबीन पिकवते काय?"

शेवटी यंदा निम्मा धुरा त्यानं फवारला, निम्मा मी राखला. मृगानंतर तरोट्याची भाजी खुडायला त्याची माय टोपलं घेऊन निघाली, ती माझ्या निम्म्याकडं.