वाहने सावकाश हाका

‘ग्रीस? मग सँटोरिनीचे फोटो पाठव हं!’ लीव्ह अप्रूव्ह झाल्यावर ऑफिसात प्रत्येकाने हेच सांगितलं. मी सँटोरिनीला जात नव्हतो. आणि बरोबर गर्लफ्रेंडही नव्हती. बरोबर होते आमचे अण्णा. वय वर्षं ६६, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, चिपळूण डेपो.

प्लॅन मूळचा माझा आणि रूममेटचा. त्याचं मधेच लग्न ठरलं. आई ताईच्या बाळंतपणासाठी बंगलोरला गेलेली, अण्णा घरी एकटे. काम काही नाही, तरी दिवसातून तीनदा स्टँडवर चक्कर मारून यायचे. म्हटलं, चला माझ्याबरोबर. ‘काय करायचंय तिथे?’ त्यांनी विचारलं. ‘आराम,’ मी म्हटलं. ‘आराम करायला एवढ्या लांब?’

प्रश्न बरोबर होता. पण तिकिटं काढून झाली होती.

आम्ही गेलो सिफनॉसला. जेमतेम ७४ चौरस किलोमीटरचं बेट, वस्ती तीन हजारांच्या आत. विमानतळ नाही, त्यामुळे अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून बोट. हायस्पीड बोट निम्म्या वेळात पोचवते, आम्ही साध्या बोटीने पाच तास डुलत गेलो. अण्णा त्यातला निम्मा वेळ मागच्या बाजूला उभे. वाटेत किथनॉस आणि सेरिफॉस लागतात. तिथे बोटीची फळी खाली पडते आणि ट्रकवाले रिव्हर्समध्ये आत घुसतात. ‘काय हात आहे एकेकाचा!’ अण्णा म्हणाले. निळा समुद्र वगैरे त्यांनी बघितलाच नाही.

माझ्याकडे एक्सेल शीट होती. सात दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ असे कॉलम, ‘मस्ट सी’ पिवळ्या रंगात. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांच्या लॅपटॉपमध्ये अशी शीट असणार! पहिल्या दिवशी कास्त्रो. ही बेटाची जुनी राजधानी. बाहेरच्या रांगेतली घरं एकमेकांना इतकी चिकटून बांधलीत की घरांच्या भिंती हाच किल्ल्याचा तट. खाली समुद्रात घुसलेल्या खडकावर एक इवलंसं पांढरं चर्च. मी फोटो काढत पळतोय आणि अण्णा गावाबाहेर, बस वळते त्या जागी उभे.

बस ही या बेटाची खरी गंमत. कामारेस बंदरातून अपोलोनियाला चढते, तिथून आर्तेमोनास, कास्त्रो, प्लातीस यालोस, वाथी. रस्ते अरुंद, वळणं आपल्या घाटासारखी. अण्णा रोज ड्रायव्हरच्या मागची सीट पकडायचे. वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरने आरशात ते पाहिलं आणि मोठ्याने हसला. अण्णांनी मोबाइलवर आपल्या लाल डब्याचा फोटो दाखवला. मग दोघं आपापल्या भाषेत बोलत बसले. काय बोलले देव जाणे, पण त्यानंतर ती सीट रिझर्व्हच होती.

त्यानेच अण्णांना ‘सिगा-सिगा’ शिकवलं. सावकाश, हळूहळू. ग्रीसमध्ये हे दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. ‘म्हणजे वाहने सावकाश हाका,’ अण्णा मला म्हणाले. ‘आपल्याकडे बोर्ड लावावा लागतो, इथे माणसं मनावर घेतात.’

दुपारी दोन-अडीचनंतर गाव बंद. दुकानांची दारं ओढलेली, गल्लीत मांजरं तेवढी जागी. मला ते तीन तास छळायचे. अण्णा मात्र पहिल्याच दुपारी घोरायला लागले.

सिफनॉस हे कुंभारांचं बेट. चांगली माती आहे, त्यामुळे शेकडो वर्षं इथली भांडी सगळीकडे जायची. मी हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, ‘म्हणजे आपली कुंभार्लीच की!’ (कुंभार्ली घाटात त्यांनी अकरा वर्षं गाडी चालवली.) त्याआधी, अडीच हजार वर्षांपूर्वी, इथे सोन्या-चांदीच्या खाणी होत्या. उत्पन्नाचा दहावा हिस्सा डेल्फीच्या अपोलोला पाठवायचे. पुढे लोभ सुटला, हिस्सा बंद केला आणि समुद्राने खाणी बुडवल्या, असं पॉसेनियास नावाच्या जुन्या ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवलंय. सोनं गेलं, माती राहिली. त्याच मातीच्या भांड्यात इथली रविवारची डिश होते. रेविथादा, म्हणजे काबुली चणे. शनिवारी संध्याकाळी चणे, कांदा, ऑलिव्ह ऑइल, तमालपत्र घालून झाकण लावायचं आणि भांडं लाकडाच्या भट्टीत ठेवून द्यायचं. रात्रभर. रविवारी चर्च सुटलं की उघडायचं. ना ढवळणं, ना शिट्ट्या मोजणं. अण्णांनी पहिला घास घेतला. ‘फोडणी राहिलीय.’ मग न बोलता दोन वाट्या संपवल्या.

सोमवारी सकाळी नऊला फोन आला. पुण्यात साडेअकरा. रिलीज अडकलं होतं, ‘फक्त अर्धा तास’ हवा होता. अर्ध्या तासाचे चार तास झाले. खोलीतून बाहेर आलो तेव्हा अण्णा ओट्यावर बसून द्राक्षं खात होते.

‘तुझीही जादा गाडी लागली वाटतं,’ म्हणाले.

जादा गाडी हा आमच्या घरातला दुखरा शब्द. गणपतीत जादा, दिवाळीत जादा, मेमध्ये तर जादाच जादा. जगाला सुट्टी तेव्हा अण्णांना ड्युटी. चौथीत असताना महाबळेश्वरला जायचं ठरलं होतं. बॅगा भरल्या होत्या आणि अण्णा मुक्कामी गाडीवर गेले. मी स्वेटर घालून झोपलो होतो, आई अजून सांगते. मी कितीतरी वर्षं त्यांच्या साहेबावर चिडून होतो.

तेच बोललो. ‘तुम्हाला निदान साहेबाने सोडलं नाही. मी लॅपटॉप आणायलाच नको होता.’

अण्णा थोडा वेळ गप्प होते. द्राक्षाची बी हातावर काढून ठेवत होते.

‘साहेबाने रजा दिली होती. महाबळेश्वरची,’ ते म्हणाले. ‘मीच जाऊन ड्युटी मागून घेतली.’

‘पैशासाठी?’

‘पैशाचंही होतं. पण तेवढंच नाही. गाडीवर मला सगळं कळायचं. घरी चार दिवस तुमच्यात बसून काय करायचं, ते कळायचं नाही.’

मी काय बोलणार होतो? राग आला. खूप आला, बावीस वर्षांचा. आणि त्याच वेळी हेही आठवलं की सकाळी मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. टीममधली दुसरी मुलगी ते सांभाळू शकली असती. फोन वाजला तेव्हा मला चक्क बरं वाटलं होतं.

संध्याकाळी कामारेसला उतरलो. शीटवर त्या दिवशी ख्रिसोपिगीचा मठ होता, तो राहिला. कामारेसची चौपाटी लांबलचक, पाणी कितीतरी आत जाईपर्यंत कमरेएवढं. अण्णा हाफ पँटवर सरळ पाण्यात शिरले आणि उताणे होऊन तरंगायला लागले. मी काठावर. नदीकाठी वाढलो, पण मला पोहता येत नाही. आई एकट्याला नदीवर सोडायची नाही आणि शिकवणारा माणूस गाडीवर.

‘ये,’ अण्णा म्हणाले. ‘हे राहिलंच तुझं.’

बत्तिसाव्या वर्षी बापाच्या हातावर आडवं होणं फार विचित्र वाटतं हो. आजूबाजूला तीन-चार वर्षांची ग्रीक पोरं सुळसुळ पोहत होती. ‘मान सोड. मान धरून ठेवलीस की बुडतोस. सिगा-सिगा.’ मी पाच वेळा बुडालो, नाकातोंडात खारं पाणी. सहाव्या वेळी कान पाण्याखाली गेले आणि सगळे आवाज बंद झाले. वर आकाश, डोंगरावर एक पांढरा ठिपका. किती वेळ गेला माहीत नाही.

अण्णा काहीतरी बोलल्यासारखं वाटलं. धडपडत उभा राहिलो. ‘काय म्हणालात?’

‘काही नाही. बस गेली म्हटलं.’

मी रस्त्याकडे बघितलं. आमचीच बस घाट चढत होती.

‘पुढची तासाने आहे,’ अण्णा म्हणाले, आणि पुन्हा उताणे झाले.